मंडपातला शांत तास

श्रावण लागला की मंडळाची पोरं वर्गणीचं पुस्तक घेऊन जिने चढायला लागतात. सोसायटीतल्या बहुतेक घरांची पावती फाटते. त्यातलं एक घर दरवर्षी वर्गणी देतं, पण आरतीला कधी दिसत नाही. दर्शनाला आलंच तर रात्री साडेअकराला येतं. तेव्हा स्पीकर बंद झालेले असतात, खुर्च्या एकावर एक चढवलेल्या असतात आणि राखणीला बसलेले दोन कार्यकर्ते मोबाइलमध्ये डोकं घालून असतात. आई, बाबा आणि दोघांच्या मधोमध सात-आठ वर्षांचा मुलगा. तो मूर्तीकडे बघत नाही. मखराच्या कडेने पळणाऱ्या दिव्यांच्या माळेकडे बघत राहतो, बोटं डोळ्यांसमोर नाचवतो, खूश असतो. पाच मिनिटांत तिघं परत जातात.

ही वेळ त्यांनी हौसेने निवडलेली नसते. आधी कधीतरी ती सातच्या आरतीला आलेली असतात. झांजा सुरू होताच मुलगा कानांवर हात ठेवतो. आई त्याला मागे नेते, तर मागे स्पीकरची भिंत. त्यात कुणीतरी मायेने त्याच्या कपाळाला ओलं गंध लावतं. तो थंड, चिकट स्पर्श त्याला सोसत नाही. तो किंचाळतो, जमिनीवर आडवा होतो, डोकं आपटायला लागतो. आरती चालूच राहते, माना मात्र वळतात. ‘फार लाडावून ठेवलंय.’ ‘एक ठेवून द्या, गप्प बसेल.’ ‘जरा बाहेर न्या ना त्याला.’ फरशी लागू नये म्हणून आईचा एक हात मुलाच्या डोक्याखाली असतो. दुसऱ्या हाताने ती सगळ्यांना ‘सॉरी, सॉरी’ अशी खूण करत असते.

ऑटिझम असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये तासभर बसलं, की थोड्याफार फरकाने हाच प्रसंग ऐकू येतो. कुणाचा गणपतीतला, कुणाचा चुलत बहिणीच्या हळदीतला. कुणाला शाळेतून स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी निरोप आलेला असतो, ‘उद्या नाही पाठवलंत तरी चालेल, गर्दी असते, त्यालाच त्रास होईल.’ निरोप काळजीच्या सुरात दिलेला असतो, म्हणून त्यावर भांडताही येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगात दर १२७ माणसांमागे एकाला ऑटिझम होता. हा ढोबळ हिशेब दोन हजार वस्तीच्या एखाद्या गृहसंकुलाला लावला, तर तिथे अशी पंधराएक माणसं असायला हवीत. बागेत, वाढदिवसांना, मंडपात ती किती दिसतात, हे ज्याने त्याने आठवून पाहावं.

ती दिसत का नाहीत, याचं उत्तर गोव्यातल्या एका अभ्यासात सापडतं. ‘संगथ’ या संस्थेच्या संशोधकांनी अशा कुटुंबांशी सविस्तर बोलून केलेला हा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सुरुवातीला ही कुटुंबं माणसांतून अंग काढून घेतात, असं त्यात आढळलं. काही काळ गेल्यावर नव्या-जुन्या ओळखींच्या आधाराने ती हळूहळू परत येतात. आरोग्य, शिक्षण आणि धर्म या तिन्ही क्षेत्रांतल्या मंडळींना या कुटुंबांच्या गरजांची फारशी जाण नाही, असंही त्यात नोंदवलं आहे. अंग काढून घेणं आणि परत येणं यांच्यामध्ये जी वर्षं जातात, ती बहुतेक वेळा मुलाच्या लहानपणाचीच असतात. त्याला माणसांची, आवाजांची, रांगेत उभं राहण्याची, ‘आता तुझी पाळी’ या वाक्याची हळूहळू ओळख व्हायला हवी ती याच वर्षांत. नेमकं तेव्हाच घराचं दार आतून लागलेलं असतं. हा मधला काळ कमी करणं डॉक्टरांच्या हातात फारसं नाही. ते मंडळ, सोसायटी, शाळा, नाट्यगृह, वाचनालय यांच्या हातात आहे.

‘स्वमग्न’ या मराठी शब्दानेही थोडी दिशाभूल केली आहे. तो ऐकल्यावर डोळ्यांसमोर येतं ते स्वतःतच रमलेलं, कुणाशी देणंघेणं नसलेलं मूल. पुष्कळ मुलांचं दुखणं याच्या अगदी उलट असतं. बाहेरचं जग त्यांच्यावर सतत कोसळत असतं. ट्यूबलाइटची गुणगुण, सदऱ्याच्या कॉलरमागचं लेबल, पंगतीतला वरणाचा वास, ताशाची काडी हे सगळं एकाच वेळी, एकाच पट्टीत आत शिरतं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये ऑटिझमच्या निदानाचे निकष नव्याने मांडले, तेव्हा आवाज, प्रकाश, स्पर्श यांना कमी-जास्त प्रतिसाद देण्याचा त्यात समावेश केला. म्हणजे कानांवर हात ठेवणं हा वळणाचा प्रश्न नाही.

हट्ट आणि पालक ज्याला ‘मेल्टडाउन’ म्हणतात ते, यांतला फरक एवढा तरी शेजाऱ्यांना ठाऊक असावा. हट्ट करणारं मूल मधूनच डोळा किलकिला करून बघतं, आई विरघळतेय का. हवं ते मिळालं की रडणं थांबतं. मेल्टडाउनमध्ये चॉकलेट दिलं तरी उपयोग नसतो, कारण मागणी अशी काही नसतेच. आवाज कमी करावा, दिवा मालवावा, भोवतीची गर्दी हटवावी आणि थांबावं. सल्ला देऊ नये. पाणी आणून आईच्या हातात द्यावं, मुलाच्या नाही.

सल्ल्यांचा आणि दोषारोपांचा इतिहास जुना आहे. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांवरचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. त्यानंतर पुढची दोन-अडीच दशकं पाश्चात्त्य जगात असं मानलं जात होतं, की आई मायेने थंड असल्यामुळे मूल असं होतं. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं आणि ते खूप वाचलंही गेलं. त्याआधी १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने ही समजूत खोडून काढून ऑटिझमचं मूळ जैविक असल्याचं मांडलं होतं. रिमलँड स्वतः एका ऑटिस्टिक मुलाचे वडील होते. ही समजूत विज्ञानाने केव्हाच टाकून दिली. आपल्याकडे ती वेगळ्या तोंडांनी बोलते: ‘नोकरी सोडली नाही ना हिने’, ‘हातात मोबाइल दिला, दुसरं काय होणार’, ‘तुमच्या दोघांच्या भांडणांचा परिणाम’. पालनपोषणातल्या चुकीने ऑटिझम होत नाही. हे वाक्य हळदीकुंकवाला आणि बारशालाही बोललं गेलं पाहिजे, कारण दोष तिथेच वाटले जातात.

या मुलांसाठीचा पहिला आधार सगळीकडे पालकांनीच उभा केला आहे. लंडनमध्ये १९६२ मध्ये पालकांनी एकत्र येऊन संस्था काढली, ती आजची ‘नॅशनल ऑटिस्टिक सोसायटी’. अमेरिकेत १९६५ मध्ये रिमलँड आणि इतर पालकांनी तेच केलं. दिल्लीत मेरी बरुआ या आईने १९९१ मध्ये ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ सुरू केली. मुंबईत ‘फोरम फॉर ऑटिझम’ हा पालकांचाच गट आहे. आज जिल्ह्याच्या गावांतही आयांचे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहेत आणि त्यांत फिरणारी माहिती कुठल्याही पुस्तकात मिळणार नाही. कोणता न्हावी मशीन न लावता, मुलाला दोनदा उठू देत, नुसत्या कात्रीने केस कापतो. कोणती दाताची डॉक्टर पहिल्या भेटीत फक्त खुर्ची वर-खाली करून दाखवते आणि पैसे घेत नाही. कोणत्या बागेतल्या झोपाळ्यावर दुपारी तीन वाजता गर्दी नसते.

या गटांच्या सहली, खेळांचे दिवस, दिवाळीचे मेळावे फार मोलाचे असतात. तिथे कुणी कुणाकडे वळून बघत नाही. एखादं मूल जेवणाच्या टेबलाखाली जाऊन बसलं तर त्याचं ताट खाली सरकवतात आणि गप्पा पुढे चालू राहतात. कित्येक आयांनी कार्यक्रमात सलग बसून जेवल्याचा पहिला अनुभव अशाच मेळाव्यात घेतलेला असतो. पण सहल रविवारी संपते. सोमवारी कुटुंब परत त्याच जिन्यात, त्याच लिफ्टमध्ये, त्याच सोसायटीत असतं. आपल्यासारख्यांच्या मेळाव्यात मिळालेली मोकळीक तिथेही थोडी पसरायला हवी, आणि तो भार पुन्हा पालकांवर टाकणं अन्यायाचं होईल.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २००७ मध्ये ठराव केला आणि २००८ पासून २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन झाला. त्या दिवशी इमारतींवर निळे दिवे लागतात, शाळकरी मुलांच्या फेऱ्या निघतात. त्याला नावं ठेवायचं कारण नाही; कित्येक घरांत हा शब्द पहिल्यांदा पोहोचला तो अशाच फेरीमुळे. मात्र २ एप्रिलला फेरीत चाललेले कार्यकर्ते गणपतीत मंडपाची वेळापत्रकं ठरवताना त्या मुलांना विसरलेले असतात. मुलाच्या घराला जागृतीचा उपयोग होतो तो तिथे.

हे कसं करायचं, याचे नमुने तयार आहेत. न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवर २ ऑक्टोबर २०११ रोजी ‘द लायन किंग’चा एक प्रयोग खास ऑटिस्टिक मुलांच्या कुटुंबांसाठी झाला. ‘टीडीएफ’ या ना-नफा संस्थेने त्याची व्यवस्था केली होती. गोष्ट तीच, नट तेच. फक्त दचकवणारे आवाज आणि झगझगीत प्रकाश सौम्य केले, प्रेक्षागृहात पूर्ण अंधार केला नाही, मुलांना उठून फिरायची मुभा दिली. बाहेर शांत कोपरे ठेवले. प्रयोगाच्या आधी पालकांना चित्रांची गोष्ट पाठवली: आपण गाडीने जाऊ, दाराशी तिकीट दाखवू, मोठ्या खोलीत बसू, लोक टाळ्या वाजवतील. ब्रिटनमध्ये अशा खेळांना ‘रिलॅक्स्ड परफॉर्मन्स’ म्हणतात आणि मोठ्या नाट्यसंस्थांच्या वेळापत्रकात ते आता नेहमीचे झाले आहेत. तिथल्या ‘मॉरिसन्स’ या दुकानांच्या साखळीने २०१८ मध्ये शनिवारी सकाळी ९ ते १० हा शांत तास ठरवून दिला. त्या तासात संगीत बंद, दिवे मंद, घोषणा जवळपास नाहीत आणि बिलाच्या यंत्राची टीटी कमी.

आपल्या नाट्यगृहात तिसऱ्या घंटेनंतर सूचना होते, लहान मूल रडल्यास त्याला बाहेर घेऊन जावं. नटाची एकाग्रता आणि इतरांचं तिकीट यांचा मान राखायचा, तर ती योग्यच आहे. पण सुधा करमरकरांपासून बालरंगभूमीची परंपरा असलेल्या मराठी नाटकाला सुट्टीच्या मोसमात एखाद्या बालनाट्याचा एक प्रयोग त्या सूचनेविना करता येणं अवघड नाही. त्या प्रयोगाला प्रेक्षागृहातले अर्धे दिवे चालू ठेवावेत, राक्षसाच्या एन्ट्रीचा ढगांचा गडगडाट काढावा, आणि मूल मध्येच रंगमंचाच्या कडेला येऊन उभं राहिलं तर काय करायचं हे नटांनी आधी ठरवून ठेवावं. नटांना ते जमेल. बालनाट्य करणारा नट तसाही रोज काहीतरी नवं सांभाळत असतो.

गोव्याने याहून मोठी उडी मारली. जानेवारी २०२३ मध्ये पणजीत तीन दिवसांचा ‘पर्पल फेस्ट’ झाला. दिव्यांगांसाठीचा हा महोत्सव सरकारी पुढाकाराने भर शहरात भरला आणि पुढेही भरत राहिला. दिव्यांगांना उत्सवात पाहुणे म्हणून बोलावणं आणि उत्सवच त्यांच्या मापाने शिवणं, यांतला फरक त्यातून पुष्कळांना दिसला. पण महोत्सव वर्षातून एकदा येतो आणि तिथवर पोहोचायला प्रवास करावा लागतो. मंडप मात्र घराखालीच असतो.

म्हणून पुन्हा मंडपाकडे. दहा दिवसांतले दोन दिवस निवडावेत, सकाळी १० ते ११. वेळ बोर्डावर आणि ग्रुपवर आठवडाभर आधी लावावी, आणि लावलेली वेळ पाळावी. या मुलांना न सांगता बदललेली वेळ फार जड जाते. त्या तासात स्पीकर पूर्ण बंद, लुकलुकणारी रोषणाई स्थिर, अगरबत्ती आणि धूप नाही. रांग नाही. मंडपाचे पाच-सहा फोटो काढून आधी ग्रुपवर टाकावेत: प्रवेशाची कमान, चप्पल काढायची जागा, मूर्ती, प्रसादाचं टेबल, बाहेर पडायची वाट. आई ते फोटो मुलाला चार दिवस रोज दाखवते आणि पाचव्या दिवशी मूल अनोळखी जागेत येत नाही, फोटोतल्या जागेत येतं. एका कोपऱ्यात सतरंजी आणि दोन उशा ठेवाव्यात, पंखा आवाज न करणारा असावा. कार्यकर्त्यांना चारच गोष्टी सांगाव्यात: मुलाला हात लावू नका, नाव विचारून उत्तराची वाट बघत बसू नका, प्रसाद हातावर न ठेवता द्रोणात द्या, आणि रडलं तर गोळा होऊ नका. यात खर्चाची बाब शोधूनही सापडत नाही.

एक गोष्ट मात्र लक्षात घ्यायला हवी. सगळ्याच मुलांना शांतता हवी असते असं नाही. काही ऑटिस्टिक मुलं ढोलाला जाऊन बिलगतात. त्याची थरथर त्यांना छातीत हवी असते. तिथून हलवलं तर ती रडतात. एका मुलाला पुरणाचा स्पर्श नकोसा, दुसऱ्याला कणकेचा गोळा हातात दिला की जग विसरतं. त्यामुळे ‘अशा मुलांना काय लागतं’ या प्रश्नाला एक उत्तर नाही. घराला विचारावं लागतं.

आवाजाबद्दल वेगळं बोललं पाहिजे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत आणि निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल अशी मर्यादा त्यांत आहे. मिरवणुकीच्या दिवशी या आकड्यांचं काय होतं ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. ज्यांच्या घरी ऑटिस्टिक मूल आहे, त्यांतली कित्येक कुटुंबं विसर्जनाच्या दिवशी गाव सोडतात. सणाच्या दिवशी आपल्याच गल्लीतून निघून जावं लागणं ही साधी गोष्ट नाही. डीजेच्या भिंतींविरुद्ध बोलताना म्हातारी माणसं आणि हृदयरोगी यांची आठवण काढली जाते. या मुलांचीही काढली जावी.

आधाराची दुसरी बाजू घराच्या आतली आहे. थेरपी, शाळा आणि झोप न लागलेली रात्र यांच्या चक्रात आईची नोकरी बहुधा पहिली जाते. हिमाचल प्रदेशातल्या एका प्राध्यापिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये सांगितलं, की दिव्यांग मुलाच्या आईला बालसंगोपन रजा नाकारणं म्हणजे तिला नोकरी सोडायला भाग पाडण्यासारखं आहे. सरकारी नोकरीत नसलेल्या आईला मात्र रजा कुणी द्यायची? तिला हवे असतात आठवड्यातले दोन तास. त्या दोन तासांत मुलाजवळ कुणीतरी भरवशाचं माणूस असावं आणि तिने बँकेत जावं, धाकट्या मुलीच्या शाळेत जावं, नाहीतर नुसतं झोपावं. धाकट्या मुलीचा उल्लेख सहज केलेला नाही. या घरांतली भावंडं लवकर शहाणी होतात आणि त्यांच्या वाढदिवसाला पाहुणे बोलावले जात नाहीत.

यासाठी मोठ्या पदव्यांची माणसंच लागतात, ही समजूत एका प्रयोगाने सैल केली आहे. गोवा आणि पाकिस्तानातलं रावळपिंडी इथे ६५ मुलांवर झालेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’त आले. तज्ज्ञ नसलेल्या, पण नीट प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना मुलाशी खेळण्या-बोलण्याच्या रीती शिकवल्या, आणि पालकांचा मुलाला मिळणारा प्रतिसाद स्पष्टपणे सुधारला. जे काम प्रशिक्षित स्थानिक माणूस करू शकतो, ते तालुक्याच्या गावातही होऊ शकतं.

पैसा आणि कायदा अगदीच नाही असंही नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझमचा स्पष्ट समावेश आहे. त्याच्या कलम २९ मध्ये सांस्कृतिक जीवन आणि करमणूक हा दिव्यांगांचा हक्क म्हणून येतो आणि त्यासाठी पावलं उचलण्याची जबाबदारी सरकारबरोबर स्थानिक प्राधिकरणांवरही टाकलेली आहे. कलम २४ मध्ये जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तींसाठी काळजीवाहकाच्या भत्त्याचा उल्लेख आहे. राष्ट्रीय न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचं आरोग्य विमाकवच मिळतं. महाराष्ट्रात ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंत स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नाचे पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. डिसेंबर २०२२ पासून राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभागही आहे. तरीही पाच टक्क्यांचा विषय निघाला की ग्रामसभेत साहित्य वाटपाची यादी वाचली जाते. त्यातून आठवड्याला दोन दुपारी, अंगणवाडीच्या मोकळ्या खोलीत, एका प्रशिक्षित ताईच्या देखरेखीखाली मुलांना सांभाळण्याची सोय करा, अशी मागणी ग्रामसभेत फारशी कुणी करत नाही. ती पालकांनीच करावी अशी वाट बघू नये. त्यांच्याकडे ग्रामसभेला यायला वेळ नसतो, कारण मूल सांभाळायला घरी कुणी नसतं.

मुलं मोठी होतात, हे मुलांच्या कार्यक्रमांच्या गर्दीत विसरायला होतं. जयवंत दळवींच्या ‘नातीगोती’ने मतिमंद मुलाच्या आई-वडिलांची कोंडी मराठी रंगमंचावर आणली, तेव्हा ‘आमच्यानंतर याचं काय’ हा प्रश्न घेऊन प्रेक्षक घरी गेले होते. ऑटिस्टिक तरुणांच्या घरांत आज तोच प्रश्न आहे. अठराव्या वर्षानंतर कायदेशीर पालकत्वासाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्तरावरच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो, ही माहितीसुद्धा पुष्कळ घरांत उशिरा पोहोचते. डोंबिवलीजवळ खोणी इथे ‘अमेय पालक संघटने’ने प्रौढ मतिमंद मुलांसाठी ‘घरकुल’ उभं केलं, तेही पालकांनीच. अशी घरं गावाबाहेर, झाडांत वसलेली असतात आणि छान असतात. पण त्यांत जाऊ न शकणारा किंवा जाऊ न इच्छिणारा पंचविशीतला तरुण आपल्याच गल्लीत राहणार आहे. तो येरझाऱ्या घालणार आहे, स्वतःशी मोठ्याने बोलणार आहे. लहानपणी मंडपात त्याला पाहिलेल्या शेजाऱ्यांना त्याची भीती वाटणार नाही. ज्यांनी त्याला कधीच पाहिलं नाही ते वॉचमनला बोलावतील.

यंदाही श्रावणात पोरं वर्गणीला बाहेर पडतील. तिसऱ्या मजल्यावर बेल वाजेल, दार अर्धवट उघडेल, आतून एका मुलाचा एकाच सुरातला आवाज येत असेल. पावती लिहून झाल्यावर पुस्तक लगेच मिटू नये. त्यात एक रिकामी ओळ असते. आईला विचारावं, ‘ताई, याला दर्शनाला कधी आणाल? कोणती वेळ बरी पडेल?’ आणि ती सांगेल ती वेळ त्या ओळीवर लिहून घ्यावी.